नियम तोंडी, दोष लेखी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी मला या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता निवडावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. आपल्या ज्ञातीत शेतीवाडी बेताची, व्यापारउदीम त्याहूनही बेताचा. परंतु ज्या घरात एकही माणूस शाळामास्तर नाही असे घर मात्र शोधूनच काढावे लागेल. आताच ज्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, त्यांच्या पालकांची नावे वाचली जात असताना मी सहज मोजीत होतो. निम्म्याहून अधिक नावांपुढे मला शाळेचा फळा दिसत होता. म्हणून शाळेच्या भिंतीआड चालणाऱ्या, पण ज्याची झळ आपल्या घरापर्यंत येते अशा एका गोष्टीविषयी आज बोलावे असे मी ठरविले. ती गोष्ट म्हणजे माध्यमिक शाळांतील मुख्याध्यापक आणि शिक्षक यांच्यामधील कलह.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी दोन्ही खुर्च्यांवर बसलो आहे. १९८४ साली मी सहायक शिक्षक म्हणून नोकरीस लागलो, २००३ साली मुख्याध्यापक झालो आणि २०१६ साली निवृत्त झालो. एकोणीस वर्षे मी मुख्याध्यापकांविषयी बोलत होतो आणि पुढील तेरा वर्षे शिक्षक माझ्याविषयी बोलत होते. त्या दोन्ही काळांत माझ्या हातून चुका झाल्या. त्यांतील एक आज मी आपणांपुढे मांडणार आहे, कारण तिच्यात आपल्या ज्ञातीचाही थोडा वाटा होता.

अशा कलहाचा विचार करताना आपण बहुधा दोहोंपैकी एकास दुष्ट ठरवून मोकळे होतो. मास्तर घरी येऊन सांगतात की मुख्याध्यापक हुकूमशहा आहेत. मुख्याध्यापक घरी येऊन सांगतात की शिक्षक कामचुकार आहेत. आणि घरची माणसे आपापल्या माणसाचे खरे मानतात. वस्तुतः सज्जनांतही कलह होतात, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातच आहे. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी आणि पाठोपाठ त्यांना येऊन मिळालेले आपटे व आगरकर यांच्याइतकी त्यागी आणि विद्वान मंडळी एकाच शाळेत एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण सांगणे कठीण आहे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. तरीही आजीव सदस्यांनी वेतन किती घ्यावे, संस्थेबाहेरचे काम व त्यापासूनची प्राप्ती यांचे काय करावे, अशा प्रश्नांवरून मतभेद वाढत गेले आणि १८९० साली टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. त्या वादात कोणाचे बरोबर होते हा आजचा विषय नव्हे. सांगावयाचे एवढेच, की जेथे टिळक आणि आगरकर यांच्यासारखे स्नेही एकमेकांस दुरावले, तेथे आपल्या गावच्या शाळेत दोन मास्तरांचे पटले नाही एवढ्यावरून त्यांपैकी एकास दुर्जन ठरविण्याची घाई करू नये.

मग हा कलह उपजतो कोठून? पहिले कारण त्या पदाच्या घडणीतच आहे. आपल्याकडील खाजगी माध्यमिक शाळेत सामान्यतः सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक होतो. काल जो शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खात होता, ज्याच्याबरोबर आपण आदल्या मुख्याध्यापकांची टिंगल केली, तोच एका सोमवारी सकाळी आतल्या खोलीत जाऊन बसतो आणि आपल्या रजेच्या अर्जावर सही करू लागतो. शिकविण्यासाठी त्याने बी.एड. केलेले असते, माणसे सांभाळण्याचे शिक्षण त्याला बहुधा कोणी दिलेले नसते. वरून संस्थाचालक, बाजूने शिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालय, समोरून पालक आणि पाठीमागून शिक्षक, असा तो चोहोंकडून वेढलेला असतो. पटसंख्या घसरली की संचमान्यतेत पद कमी होते, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि ज्या कागदाने तो अतिरिक्त ठरतो त्या कागदावर सही मुख्याध्यापकाची असते. सरकारचा दोष, लोकसंख्येचा दोष, शेजारी निघालेल्या नव्या शाळेचा दोष; पण शिक्षकाच्या डोळ्यांपुढे राहते ती ती सही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खाजगी शाळेतील शिक्षकाच्या नोकरीला फार दिवस भक्कम आधार नव्हता. मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२–५३ मध्येच सुचविले होते, की निलंबन, बडतर्फी इत्यादी बाबतींत शिक्षकाचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी लवाद मंडळे असावीत. आपल्या राज्यात माध्यमिक शाळा संहिता होती, परंतु तिला कायद्याचे बळ नव्हते. ते बळ १९७७ च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तीविषयीच्या अधिनियमाने आले आणि तो अधिनियम अमलात आला १५ जुलै १९८१ रोजी. आयोगाने सांगितल्यापासून जवळजवळ अठ्ठावीस वर्षे गेली. त्या वर्षांत ज्यांनी नोकरी केली, त्यांच्या मनात मुख्याध्यापकाच्या खोलीविषयी जी भीती बसली, ती पुढच्या पिढीकडे वारसाहक्काने आली असल्यास नवल नाही.

या कायद्याने शिक्षकास काय दिले हे आपल्या घरांतील तरुण शिक्षकांनी अवश्य वाचावे. सेवाज्येष्ठतेची यादी तयार करून ती सर्व कर्मचाऱ्यांस दाखवावी, त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि हरकती ऐकून घ्याव्यात असा नियम आहे. गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा ज्याच्याविषयी आहे त्यास ठराविक मुदतीत लेखी कळवावा लागतो; अहवालच लिहिला नाही किंवा शेरा मुदतीत कळविला नाही, तर त्या वर्षीचे काम समाधानकारक होते असे धरले जाते. मोठी शिक्षा करावयाची तर चौकशी समिती नेमावी लागते, आणि त्या समितीवर एक प्रतिनिधी स्वतः शिक्षकाने नेमलेला असतो. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलणे यांविरुद्ध तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ही तरतूद फार मोलाची आहे. परंतु बंधुभगिनींनो, न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते तेव्हा शाळेतील माणुसकीचे नाते बहुधा आधीच संपलेले असते. निकाल कोणाच्याही बाजूने लागो. त्यानंतर दोघांना त्याच इमारतीत, त्याच मुलांसमोर उभे राहावयाचे असते. कायदा कलहाच्या शेवटी येतो. मला आज त्याच्या आरंभाविषयी बोलावयाचे आहे.

बत्तीस वर्षांच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की आपल्या शाळांत जे लेखी असावयास हवे ते तोंडी असते, आणि जे आधी तोंडी बोलावयास हवे ते एकदम लेखी होते. नियम तोंडी आणि दोष लेखी, अशी आपली उलटी रीत आहे.

पाहा, गैरहजर शिक्षकाचे बदली तास कोणाला किती दिले याची नोंद कितीशा शाळांत भिंतीवर लावलेली असते? निवडणुकीच्या कामास कोणाची नावे पाठवावयाची, दहावीचा वर्ग कोणाला द्यावयाचा, सुट्टीतील जादा तास कोणी घ्यावयाचे, एकाच दिवशी चौघांनी रजा मागितली तर कोणाची मंजूर करावयाची, हे सारे मुख्याध्यापकाच्या मनात असते. मन निर्मळ असले तरी ते दुसऱ्याला दिसत नाही. दिसतो तो केवळ निर्णय, आणि मागील कारण न दिसल्यामुळे जो तो आपल्या मनाने कारण जोडतो. तो त्यांच्या गावचा, तो संस्थाचालकांचा भाचा, तो त्यांच्या जातीचा. उलटपक्षी, कोणी दोनदा उशिरा आला की त्याला बोलावून ‘का हो, काय अडचण आहे?’ असे विचारण्याऐवजी आपण शिपायाच्या हाती मेमो देतो. तो मेमो शिक्षकखोलीत सर्वांसमक्ष पोहोचतो. मग त्याचे उत्तरही लेखी येते आणि ते बहुधा कोणा जाणत्याकडून लिहून घेतलेले असते. तेथून पुढे दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. दोन फायली बोलतात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २००६ साली माझ्या शाळेतील एका बाईंना मी उशिरा येण्याबद्दल मेमो दिला. पहिली घंटा होऊन गेल्यावर त्या तीन-चार वेळा आल्या होत्या. मी विचारपूस केली नाही. मेमो पाठविला, त्यांचे उत्तर फायलीस लावले आणि वर्षाखेरीस गोपनीय अहवालात ‘वेळेविषयी दक्षता हवी’ असा शेरा लिहून तो त्यांना रीतसर कळविला. कायद्याच्या दृष्टीने माझे काहीच चुकले नव्हते.

पुढील वर्षी हाच प्रसंग विज्ञानाच्या एका शिक्षकांच्या बाबतीत घडला. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीतले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते वारंवार उशिरा येऊ लागले. आपल्या माणसाला सवलत दिली असे कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनाही मी मेमो दिला, आणि माझ्या निःपक्षपातीपणाचे मला त्या दिवशी थोडे कौतुकही वाटले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या ज्ञातीतील तीन वडीलधारी माणसे माझ्या घरी आली. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली, आणि मग विषय निघाला. ‘आपल्याच माणसाच्या पोटावर पाय द्यायचा का?’ असे त्यांतील एका काकांनी मला विचारले. मी त्या रात्री त्यांना काही वचन दिले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकांस खोलीत बोलावून पहिल्यांदाच विचारले, की अडचण काय आहे? अडचण अगदी साधी होती. त्यांच्या गावाहून येणाऱ्या एस.टी.ची वेळ बदलली होती. ते फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत येत असत. मी त्यांचा पहिला तास बदलून दिला आणि मेमो मागे घेतला. प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

त्या आठवड्यातच त्या बाई माझ्या खोलीत आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सर, माझ्या मेमोला वर्ष झाले. तो मागे घ्या असे सांगायला माझ्या घरून कोणी तुमच्याकडे आले नव्हते.’ एवढे बोलून त्या वर्गावर निघून गेल्या.

मी माझ्या मनाची समजूत अशी घालू पाहत होतो, की मी मेमो मागे घेतला तो ज्ञातीच्या भिडेने नव्हे, अडचण खरी होती म्हणून. ते खरेही होते. परंतु बाईंची अडचण खरी होती की नव्हती हे मला ठाऊकच नव्हते, कारण मी ती विचारलीच नव्हती. विचारावे असे मला सुचले ते तीन माणसे माझ्या ओटीवर येऊन बसल्यानंतर. ज्यांच्यासाठी कोणी ओटीवर येत नाही, त्यांचे काय?

पुढे मी बाईंची अडचण विचारली. सासूबाईंना सकाळी इंजेक्शन देऊन मगच त्यांना घर सोडता येत असे, आणि तेवढा काळ तर केव्हाच सरला होता. मी त्यांचाही मेमो मागे घेतला, अहवालातील शेऱ्याखाली माझा खुलासा जोडला आणि शिक्षकांच्या सभेत माझी चूक बोलून दाखविली. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. त्यांनी मनापासून क्षमा केली की नाही, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलल्या. त्या वर्षी शिक्षकखोलीत दोन तट पडले ते पडलेच. विज्ञान प्रदर्शनाची तयारी कोणी करावयाची यावर एकमत झाले नाही आणि आमच्या शाळेचे एकही उपकरण तालुक्याच्या प्रदर्शनात गेले नाही. नववीतील दोन मुलांनी सायकलच्या चाकावर चालणारा पाण्याचा पंप करून ठेवला होता. तो प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला. त्या मुलांचा या सर्व प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. बदली तासांची वही शिक्षकखोलीतच ठेवली. ज्याला हवे त्याने पाहावे, कोणाला किती तास आले ते मोजावे. निवडणूक, परीक्षा, जादा तास यांच्या कामाची पाळी वर्षारंभीच सभेत ठरवून तिचा तक्ता भिंतीवर लावला. मला फेरफार करावा लागला तर त्याचे कारण त्याच तक्त्याखाली लिहीत असे. दुसरी गोष्ट अशी, की कोणाच्याही चुकीविषयी प्रथम खोलीत बोलावून, दार लोटून घेऊन, समोरासमोर बोलावयाचे, दुसऱ्यांदाही बोलावयाचे, आणि तिसऱ्यांदाच कागद काढावयाचा. याने सारे कलह मिटले असे मी म्हणणार नाही. एका प्रकरणी मला अखेर कागद काढावा लागला आणि तो काढताना माझा हात कचरला नाही. मुलांचे नुकसान होत असताना भिडेखातर गप्प बसणे हाही अन्यायच होय. परंतु त्या प्रकरणात शिक्षकखोली दुभंगली नाही. कारण कागदाच्या आधी काय काय बोलणे झाले होते, ते सर्वांना ठाऊक होते.

शिक्षकबंधूंनाही मला नम्रपणे काही सांगावयाचे आहे. मुख्याध्यापकाने आधी बोलावे अशी अपेक्षा करणाऱ्याने स्वतःही आधी बोलले पाहिजे. तक्रार असेल तर ती प्रथम त्याच खोलीत जावी. थेट संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी, संघटनेच्या कार्यालयात किंवा गावातील वार्ताहराकडे नव्हे. संघटना हवीच. शिक्षकांस आज जे संरक्षण आहे ते संघटनांनी दीर्घकाळ झगडून मिळविले आहे, आणि विधान परिषदेत शिक्षकांचे प्रतिनिधी बसतात तेही आपल्या प्रश्नांस वाचा फुटावी म्हणूनच. पण हे शेवटचे शस्त्र पहिल्याच दिवशी उपसले तर ते बोथट होते. तसेच ज्याची टाचणवही रिकामी आणि उत्तरपत्रिका महिनाभर न तपासता पडलेल्या, त्याने केवळ हक्कांची भाषा बोलली तर त्याच्या खऱ्या हक्कालाही कोणी मान देत नाही.

संस्थाचालकांपैकीही काही मंडळी येथे उपस्थित आहेत. त्यांना माझी विनंती अशी, की मुख्याध्यापकास आपला मुकादम समजू नये. शिक्षकखोलीतील बातम्या आणून देणारा शिक्षक आपल्याला सोयीचा वाटतो. परंतु ज्या दिवशी आपण त्याचे ऐकून मुख्याध्यापकास जाब विचारतो, त्या दिवशी शाळेत दोन मुख्याध्यापक होतात. त्याचप्रमाणे मुख्याध्यापकाने केलेल्या प्रत्येक कारवाईवर डोळे मिटून शिक्का मारणे हाही त्याला पाठिंबा नव्हे. ‘त्या शिक्षकाशी आपण काय बोललात?’ हा एक प्रश्न आपण दर वेळी विचारलात तरी पुष्कळ काम होईल.

आणि शेवटी आपल्या मंडळाविषयी. आपल्या मंडळाने गरजू मुलांची शुल्के भरली, वसतिगृहात त्यांची सोय केली, नोकरीच्या जाहिराती गावोगाव पोहोचविल्या. या कामाविषयी मला नितांत आदर आहे. माझ्या स्वतःच्या शिक्षणालाही असाच हात लागला होता. माझ्या ओटीवर आलेले ते तिघे वाईट माणसे नव्हते. त्यांतील एकांनी माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री जागवल्या होत्या. म्हणूनच त्यांना ‘नाही’ म्हणणे मला कठीण गेले, आणि म्हणूनच हे आज बोलणे मला अवश्य वाटते. आपल्यातील कोणी शिक्षक अडचणीत असेल तर मंडळाने त्याच्या पाठीशी जरूर उभे राहावे. त्याला नियम समजावून द्यावेत, अर्ज लिहिण्यास मदत करावी, अपिलाची मुदत टळू देऊ नये, निलंबनाच्या काळात त्याच्या घरची चूल विझू देऊ नये. परंतु मुख्याध्यापक आपला आहे म्हणून त्याच्या घरी शिष्टमंडळ नेऊ नये, आणि तो आपला नाही म्हणून त्याच्या विरुद्ध कुजबूज करू नये. आपण ज्याच्यासाठी रदबदली करतो त्याचेही त्यात अकल्याण होते; कारण पुढे त्याला न्याय मिळाला तरी सहकारी म्हणतात की तो जातीने मिळाला. माझ्या शाळेतील त्या विज्ञानशिक्षकांस हे बोल दोन वर्षे ऐकावे लागले. त्यांची एस.टी. खरोखरच उशिरा येत होती, यावर कोणी विश्वास ठेवीना.

आपल्या ज्ञातीत पुढील काही वर्षांत अनेक तरुण-तरुणी शिक्षक होतील आणि त्यांतील कित्येक मुख्याध्यापक होतील. त्यांच्या घरी संध्याकाळी कोणी आपला माणूस रदबदलीसाठी आला, तर घरातील मंडळींनी त्याला चहा अवश्य द्यावा, त्याचे म्हणणे आदराने ऐकून घ्यावे आणि सांगावे, की ही गोष्ट उद्या शाळेतच बोलली जाईल. मला त्या संध्याकाळी हे सांगता आले असते तर फार बरे झाले असते.